फिनिक्सहून लास वेगासला: गाडीने जायचं की विमानाने?

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी ॲरिझोनात, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलर, टेम्पी, गिल्बर्ट या भागात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षातच हा प्रश्न पडतो. लाँग वीकेंड आला की मित्र म्हणतात, "चला, वेगासला जाऊन येऊ." किंवा पुण्या-नाशिकहून आई-बाबा आलेले असतात आणि त्यांना हूवर धरण बघायचं असतं. नकाशावर अंतर दिसतं ३०० मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण ४८० किलोमीटर. पुण्याहून गोव्याला जाण्यापेक्षा थोडंसंच जास्त. मग वाटतं, त्यात काय एवढं, नाश्ता करून निघू आणि दुपारच्या चहाला पोचू.

तसं पोचताही येतं. पण गोव्याच्या वाटेवर गाडी बंद पडली तर पाच-दहा मिनिटांत कुणीतरी भेटतं, टपरी असते, पंक्चरवाला असतो. या वाटेवर काही टप्पे असे आहेत की मैलोन् मैल ना घर, ना झाड, ना फोनला रेंज. म्हणून मी नवीन येणाऱ्या सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: या प्रवासाचा बेत उन्हाच्या हिशेबाने करा. तारीख कोणती आणि घरातून किती वाजता निघायचं, हे एकदा ठरलं की गाडी की विमान याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं.

पहिलं काम: तारीख ठरवा

दोन्ही शहरं वाळवंटात आहेत. फिनिक्स सोनोरन वाळवंटात, लास वेगास मोहावी वाळवंटात. फिनिक्समध्ये २६ जून १९९० रोजी तापमान १२२ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ५० सेल्सियसला पोचलं होतं, आणि तो उच्चांक आहे. पण एका दिवसाच्या उच्चांकापेक्षा मला २०२३ चा उन्हाळा जास्त लक्षात आहे. त्या वर्षी सलग ३१ दिवस पारा रोज दुपारी ११० फॅरनहाइटपर्यंत (४३ सेल्सियस) किंवा त्याच्याही वर गेला. ७ जुलै २०२४ ला लास वेगासनेही १२० अंशांचा नवा उच्चांक गाठला. आमचं नागपूर-चंद्रपूरसुद्धा तापतं, असं विदर्भातली मंडळी म्हणतात आणि ते खरंच आहे. फरक इतकाच की इथे हे ऊन तुम्हाला वस्तीपासून पन्नास मैल लांब गाठू शकतं.

नोव्हेंबर ते मार्च हा गाडीने जायला सगळ्यात चांगला काळ. ऑक्टोबर आणि एप्रिलही चालतात. मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत मात्र एक तर विमानाने जा, नाहीतर पहाटे चार-साडेचारला घर सोडा. उन्हाळ्यात दुपारी बारा ते सहा या वेळेत म्हातारी माणसं किंवा तान्ही मुलं बरोबर घेऊन या रस्त्यावर जाऊ नका. हे मी भीती घालायला सांगत नाही. का सांगते, ते पुढे येईल.

थंडीचीही एक अडचण आहे. वाटेतलं किंगमन हे गाव सुमारे ३,३०० फूट उंचीवर आहे, तर फिनिक्स जेमतेम ११०० फुटांवर. फिनिक्समध्ये अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत असाल तेव्हा किंगमनला बोचरा वारा असतो, कधी कधी बर्फही पडतं. एक स्वेटर हाताशी ठेवा. डिसेंबरात वेगासला साडेचारलाच सूर्य मावळतो, हेही धरून चाला.

दुसरं काम: तास मोजा

विमान हवेत जेमतेम तासभर असतं. गेटपासून गेटपर्यंत धरलं तर सव्वा तास. पण खरा हिशेब घरापासून हॉटेलपर्यंतचा करायचा. विमानतळावर दीड-दोन तास आधी पोचणं, तिथे जायला अर्धा तास, वेगासला उतरून बॅग घेऊन बाहेर पडून हॉटेल गाठायला आणखी एक तास. सगळं मिळून साडेचार तास होतातच. गाडीने न थांबता पाच तास, दोनदा थांबलात तर सहा. म्हणजे वेळेत वाटतो तेवढा मोठा फरक नाही.

एकटे किंवा दोघं असाल, वेगासच्या बाहेर कुठे जायचं नसेल, तर विमान बरं. चौघं असाल, धरण बघायचं असेल, आई-बाबांना वाटेतलं वाळवंट दाखवायचं असेल आणि महिना थंडीचा असेल, तर गाडीला पर्याय नाही. माझं मत विचाराल तर वर्षातून एकदा तरी हा रस्ता दिवसाउजेडी गाडीने करावाच. रेल्वेचा विचार करू नका, या दोन शहरांमध्ये प्रवासी रेल्वे नाही. बस आहे, पण तिची वेळ तुमच्या सोयीची असेलच असं नाही.

विमानाने जाणार असाल तर

फिनिक्सचा विमानतळ स्काय हार्बर, वेगासचा हॅरी रीड. जुन्या लोकांच्या तोंडी अजून मॅकॅरन हे नाव येतं. ते नाव २०२१ च्या डिसेंबरात बदललं, त्यामुळे गोंधळू नका, विमानतळ तोच आहे.

उन्हाळ्यात शक्यतो सकाळचं पहिलं-दुसरं विमान घ्या. हवा तापली की विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो आणि उड्डाणासाठी विमानाला जास्त धाव घ्यावी लागते. जून २०१७ मध्ये फिनिक्सला पारा ११९ अंशांवर गेला तेव्हा छोट्या प्रादेशिक विमानांची कितीतरी उड्डाणं रद्द झाली होती, कारण त्या विमानांची मर्यादा ११८ अंशांची होती. मोठ्या विमानांना तेवढी अडचण येत नाही. पण दुपारी जमिनीवरून उठणारी गरम हवा विमानाला चांगलीच हलवते. ज्यांना उलटीचा त्रास आहे त्यांना सकाळ आणि दुपार यांतला फरक लगेच कळेल.

तिकीट स्वस्त दिसलं तरी बॅगचे पैसे त्यात धरलेत का ते बघा. काही कंपन्या केबिनमधल्या बॅगचेही वेगळे पैसे घेतात आणि काउंटरवर ते आणखी वाढतात.

देशांतर्गत प्रवासाला ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. मे २०२५ पासून अमेरिकेतलं साधं ड्रायव्हिंग लायसन्स पुरत नाही, त्यावर रिअल आयडीची, म्हणजे केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे काढलेल्या ओळखपत्राची, चांदणी लागते. तुमच्या लायसन्सवर ती नसेल तर पासपोर्टच जवळ ठेवा.

आणि खाऊ. चिवडा, चकल्या, लाडू, दशम्या खुशाल न्या. लोणचं, तूप, ओली चटणी मात्र तपासणीत द्रव पदार्थ म्हणून मोजतात. बाटली १०० मिलीलीटरपेक्षा मोठी असेल तर केबिनमध्ये जाऊ देत नाहीत. मेतकुटाचा किंवा थालीपिठाच्या भाजणीचा मोठा डबाही उघडून बघू शकतात, कारण पावडरीची वेगळी तपासणी होते. आईने हाताने कुटलेली चटणी कचऱ्याच्या डब्यात टाकावी लागते तेव्हा फार वाईट वाटतं. ती चेक-इन बॅगेत घाला.

उतरल्यावर गाडी भाड्याने घेणार असाल तर वेगासला टर्मिनलबाहेरून शटल बस मिळते, रेंटलची इमारत वेगळीकडे आहे. फिनिक्सला परत आल्यावर स्काय ट्रेन थेट रेंटल सेंटरला नेते.

गाडीने जाणार असाल तर आधी टायर

बाकी सगळं राहू द्या, आदल्या आठवड्यात टायर बघा. नुसती हवा आणि नुसती टायरवरची नक्षी बघून भागत नाही. फिनिक्सच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर कमी चालूनही आतून वाळतं. टायरच्या कडेला डीओटी अशी अक्षरं असतात आणि त्यांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३१९ लिहिलं असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. बाहेरच्या बाजूला आकडे दिसले नाहीत तर टायरच्या आतल्या अंगाला असतात, वाकून टॉर्च लावून बघा. सहा वर्षांच्या पुढचा टायर घेऊन उन्हाळ्यात या रस्त्यावर जाऊ नका.

हे मला कुणी शिकवलं नाही, ऑगस्टमधल्या एका दुपारने शिकवलं. आई-बाबांना घेऊन निघाले होते, निघायला उशीर झाला होता, वायकियप गाव मागे पडून वीसेक मिनिटं झाली होती. मागचा उजवा टायर फुटला. नक्षी नव्यासारखी होती, टायर सात वर्षांचा होता. गाडी कशीबशी कडेला घेतली. बाहेर ४४ सेल्सियस. बाबा स्टेपनी काढायला उतरले आणि लगेच परत आत बसले, चपलेतून डांबराचा चटका लागत होता. फोनला रेंज नव्हती. तिघांत मिळून पाण्याच्या चार छोट्या बाटल्या होत्या. आई काहीच बोलली नाही, स्वतःची बाटली तिने बाबांच्या हातात दिली. पाऊण तासाने एक पिकअपवाले गृहस्थ थांबले. त्यांनी बर्फाच्या पेटीतलं पाणी दिलं, जॅक लावला, टायर बदलून दिला आणि आमची गाडी नीट सुरू होईपर्यंत मागे उभे राहिले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण प्रत्येक वेळी असं कुणी भेटेलच, या भरवशावर कुणी निघू नये.

तेव्हापासून माझ्या गाडीत काय असतं ते सांगते. माणशी एक गॅलन पाणी, म्हणजे पावणेचार लिटर, आणि हे प्यायच्या बाटल्यांशिवाय वेगळं. मीठ-साखरेची पुडी किंवा ओआरएस. दोन छत्र्या. जाड तळव्याचे बूट. टॉर्च. हवा भरलेली स्टेपनी आणि जॅक, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनी येतच नाही, नुसता हवा भरायचा पंप देतात. आपल्या गाडीत काय आहे ते घरीच डिकी उघडून बघा. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर दुकानात तपासून घ्या, इथल्या उन्हात ती लवकर जाते. कूलंटची पातळी बघा. नकाशा फोनवर ऑफलाइन उतरवून ठेवा.

गाडी भाड्याची असेल तर दोन प्रश्न आधी विचारा. एक, चालवणारा २५ वर्षांच्या आतला असेल तर जादा आकार किती? दोन, गाडी वेगासला सोडून विमानाने परत यायचं असेल तर त्याचे वेगळे पैसे किती? विद्यार्थ्यांना पहिला आकार फार जड जातो, आणि तो बुकिंगच्या पहिल्या पानावर दिसत नाही. पाहुणे आलेले आई-बाबा गाडी चालवणार असतील तर भारतातून निघतानाच आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणायला सांगा.

रस्ता, टप्प्याटप्प्याने

या दोन शहरांना जोडणारा सलग इंटरस्टेट महामार्ग (नावात 'आय' असलेला) अजून नाही. तुमचा मुख्य रस्ता आहे यूएस ९३. चँडलरकडून येणाऱ्यांनी शहराच्या गर्दीतून न जाता लूप ३०३ ने यूएस ६० धरावा आणि विकेनबर्ग गाठावं. उत्तर फिनिक्सवाल्यांना आय-१७ वरून स्टेट रूट ७४ सोयीचा. विकेनबर्गला गॅस (म्हणजे पेट्रोल) भरा, सगळ्यांनी बाथरूमला जाऊन या. गॅस अर्धी टाकी असली तरी भरा.

विकेनबर्ग ते आय-४० हा सुमारे शंभर-सव्वाशे मैलांचा पट्टा म्हणजे या प्रवासाचा गाभा. सुंदर इथेच आहे आणि धोकाही इथेच. काही भागात रस्ता चौपदरी झालाय, काही भागात अजून समोरासमोर एकेक लेन आहे. चौपदरीवर ७५ ने आलेला माणूस एकपदरी सुरू झाली तरी त्याच वेगात राहतो आणि पुढच्या ट्रकला ओलांडायला बाहेर येतो. तुम्ही तसं करू नका. पुढे पासिंग लेन येणार असल्याच्या पाट्या असतात, त्यांची वाट बघा. हेडलाइट दिवसाही चालू ठेवा. ॲरिझोनात ताशी ८५ मैलांच्या वर गेलात तर तो नुसता दंडाचा मामला राहत नाही, फौजदारी गुन्हा होतो. व्हिसावर असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आता सुंदर काय ते. विकेनबर्ग सोडलं की दोन्ही बाजूंना सग्वारो दिसतात, हात वर केलेल्या माणसांसारखे उंच निवडुंग. सग्वारोला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. थोडं पुढे गेलं की जोशुआ ट्री सुरू होतात, काटेरी पानांचे गुच्छ असलेली वेडीवाकडी झाडं. सग्वारो ही सोनोरनची खूण, जोशुआ ट्री मोहावीची. या रस्त्यावर काही मैल ती दोन्ही एकाच माळावर उभी असतात, म्हणजे एक वाळवंट संपून दुसरं सुरू होताना तुम्ही बघत असता. विमानातून हे दिसत नाही. सुरक्षित जागा बघून थांबा आणि आई-बाबांना उतरून दाखवा. झाडाला हात लावू नका. सग्वारो तोडणं किंवा इजा करणं इथे गुन्हा आहे.

पुढे बरो क्रीकचा खोल दरीवरचा पूल, मग वायकियप. तिथे गॅस मिळतो. पुलाच्या थोडं आधी नथिंग नावाची ओसाड वस्ती लागते, तिथे खरंच काही मिळत नाही. या सगळ्या भागात फोन अधूनमधून मुका होतो. म्हणून रस्त्याकडेच्या छोट्या हिरव्या मैलाच्या पाट्यांवरचे आकडे बघत जायची सवय लावा. आणीबाणीच्या ९११ नंबरला फोन लागला तर "यूएस ९३, अमुक मैल, वेगासच्या दिशेने" एवढं सांगितलं की मदत नेमकी येते. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नका, कितीही जवळ काही दिसलं तरी.

किंगमन आलं की जीव भांड्यात पडतो. हॉटेलं, दुकानं, जुना रूट ६६, सगळं आहे. पोटभर जेवा आणि गॅस इथेच भरा, नेवाडात बहुधा महाग पडतो. पुढचे सत्तरेक मैल रस्ता रुंद आणि सरळ आहे, आणि सरळ रस्त्यावरच डोळे मिटतात. चालवणारा इथे बदला. वाटेत ग्रँड कॅन्यन वेस्टची पाटी दिसेल. काचेचा स्कायवॉक तिकडे आहे, पण ती जागा वालापाय या मूळनिवासी लोकांची आहे. नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही, आणि तिथे जायचं तर आख्खा दिवस राखून ठेवावा लागतो. जाता जाता बघून येऊ असं म्हणू नका.

धूळ आणि पाणी

१५ जून ते ३० सप्टेंबर हा इथला मान्सून. आपल्यासारखी संततधार नसते. फिनिक्सच्या बाजूला धुळीची उंच भिंत चालून येते, तिला इथे हबूब म्हणतात. समोरचं दिसेनासं झालं तर रस्त्यावरून पूर्ण बाहेर या, थांबा, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे बंद का? मागून येणारा तुमचे लाल दिवे बघून, रस्ता तिकडेच आहे असं समजून तुमच्यावर येऊन आदळतो. आपल्या सवयीच्या नेमकं उलट आहे, म्हणून घरी सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

कोरड्या ओढ्यातून रस्ता जात असेल आणि त्यात पाणी दिसलं तर थांबा. पाऊस तुमच्या डोक्यावर नाही, दहा मैल लांब डोंगरात पडलेला असतो. अडथळे लावलेले असताना कुणी गाडी घातली आणि अडकला, तर सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्याचा कायदा ॲरिझोनात आहे. निघण्याआधी ॲरिझोनाच्या एझेड ५११ या रस्ते-माहिती सेवेवर रस्त्याची स्थिती बघा.

धरण आणि दोन घड्याळं

कोलोरॅडो नदीवरचा नवा पूल २०१० मध्ये सुरू झाला, नदीपासून जवळपास ९०० फूट उंच. पण गाडीतून धरण दिसत नाही, पुलाला भिंती आहेत. कितीतरी लोक "धरण कुठे गेलं?" म्हणत थेट वेगासला पोचतात. धरण बघायचं तर पूल ओलांडून नेवाडात जायचं, तिथे हूवर धरणाच्या फाट्याला बाहेर पडायचं, सुरक्षा तपासणीतून खाली यायचं. पुलावर पायी जायला वेगळी वाट आहे, तिच्यावरून धरण समोर दिसतं. आई-बाबांना चढ झेपणार असेल तर तिथे जरूर न्या.

१९३५ साली पूर्ण झालेलं हे ७२६ फुटी धरण दोन राज्यांच्या बरोबर सीमेवर आहे. पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाची वेळ दाखवतं, एक ॲरिझोनाची. हिवाळ्यात त्यांच्यात एका तासाचा फरक असतो, उन्हाळ्यात दोन्ही सारखी. कारण ॲरिझोनात, नावाहो या मूळनिवासी लोकांचा प्रदेश सोडला तर, घड्याळ वर्षभर बदलत नाही. नेवाडात ते मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरमधल्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणजे थंडीत वेगासला जाताना तुम्हाला एक तास मिळतो, आणि परत येताना तोच तास जातो. हॉटेलची वेळ, शोचं तिकीट, परतीचं विमान हे सगळं ज्या शहरातलं असेल त्या शहराच्या वेळेने वाचा.

परतीचा दिवस

वेगासला हॉटेलचा दर बघताना रिसॉर्ट फी (हॉटेलचा सक्तीचा जादा आकार) आणि पार्किंग वेगळं असतं, ते धरूनच तुलना करा. एवढं सोडून शहराबद्दल सांगायला बाकीचे पुष्कळ आहेत.

परतीचा दिवस मात्र लोक सगळ्यात जास्त बिघडवतात. रविवारी जेवून दुपारी निघायचं, वाटेत गाड्यांच्या रांगेत अडकायचं, आणि मग विकेनबर्गचा एकपदरी पट्टा अंधारात, दमलेल्या डोळ्यांनी कापायचा. या भागात काही ठिकाणी मोकाट गुरं रस्त्यावर येतात आणि काळी गाय अंधारात शेवटच्या क्षणी दिसते. म्हणून रविवारी सकाळी आठच्या आत वेगास सोडा. शक्य असेल तर सोमवारी या. निघताना घरच्या कुणाला तरी कळवा की किंगमन सोडताना फोन करू आणि विकेनबर्गला पोचल्यावर पुन्हा करू. मधले दोन तास फोन आला नाही तरी त्यांनी घाबरायचं नाही. अडीच तासांनंतरही आला नाही, तर मात्र त्यांनी थांबायचं नाही, चौकशी सुरू करायची.